शेवटचे पन्नास हात

1807 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रेट यारमथजवळ, ‘स्नाइप’ नावाचे आरमारी जहाज वादळात सापडून रुतले. किनारा तिथून साठेक यार्डांवर होता, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सव्वाशे हातांच्या आत. वाळूवर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत जहाजावरची माणसे लाटांत गेली आणि कोणालाही काही करता आले नाही. पाहणाऱ्यांत तिथल्या लष्करी बराकींचा व्यवस्थापक जॉर्ज मॅनबी होता. त्याने उखळी तोफेच्या गोळ्याला दोर बांधून तो अडकलेल्या जहाजावर फेकण्याची युक्ती बसवली. पुढच्याच वर्षी, 12 फेब्रुवारी 1808 रोजी, ‘एलिझाबेथ’ नावाच्या गलबतावरची सात माणसे त्या दोरामुळे वाचली. समुद्रातल्या बचावाचा इतिहास सहसा भर समुद्रातल्या झुंजीचा म्हणून सांगितला जातो: डोंगराएवढ्या लाटा, वल्ह्यांना भिडलेली माणसे, अंधारात दिसणारा एखादा दिवा. ते सगळे खरेच आहे. पण जुन्या नोंदी वाचत गेले की लक्षात येते, माणसे मेली आणि वाचली ती बहुतेक वेळा शेवटच्या पन्नास-शंभर हातांत. तिथवर पोचणे एक, आणि तिथून पुढे हात देणे वेगळे. आज ब्रिटनच्या मोठ्या लाइफबोटींवर क्रेनखाली किंवा पिछाडीच्या कोठडीत एक लहानशी हवेने फुगवलेली रबरी बोट असते. ती फावल्या जागेत ठेवलेली सोय आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. माझे म्हणणे असे की ती एका जुन्या कर्जाची फेड आहे. मोठ्या नौकेने वेग आणि ताकद कमावताना किनाऱ्याजवळ जाण्याची जी कुवत गमावली, ती तिला स्वतःच्या अंगावर वाहून न्यावी लागली.

हे कर्ज डोक्यावर चढण्याआधी काय होते ते आधी पाहू. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही आजची संस्था 4 मार्च 1824 रोजी स्थापन झाली, ती सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीतून. हिलरी आइल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लस गावात राहत. नोव्हेंबर 1830 मध्ये डग्लसच्या उपसागरातल्या खडकावर ‘सेंट जॉर्ज’ ही टपाल आगबोट आदळली, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावरचे हिलरी स्वतः लाइफबोटीत चढले. बोट जहाज आणि खडक यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरली खरी, पण तिथून बाहेर पडता येईना. सुकाणू गेले, वल्ही मोडली, हिलरींच्या बरगड्या मोडल्या. तरी जहाजावरची बावीस माणसे वाचली. दोनच वर्षांनी हिलरींच्या पुढाकाराने त्याच खडकावर एक बुरूज उभा राहिला, म्हणजे पुढच्या खेपेला बुडणाऱ्यांना निदान वर चढून बसता यावे. लाइफबोट संस्थेचा संस्थापकच खडकावर बुरूज बांधतो, यात मला एक प्रांजळ कबुली दिसते. बोट सगळीकडे पोचत नाही, हे त्या माणसाला मोडक्या बरगड्यांनी शिकवले होते.

वल्ह्यांच्या बोटींना एक गोष्ट मात्र उत्तम येत होती. त्या पाण्यात फार खोल बसत नसत, त्यांच्या पोटाखाली फिरणारे काही नव्हते, आणि खलाशी अडकलेल्या जहाजाच्या वाऱ्याकडच्या बाजूला नांगर टाकून दोर सोडत सोडत, उलट्या पावली सरकावे तसे, उथळ पाण्यात उतरत. काम झाले की त्याच दोरावर ओढून घेऊन परत. ही पद्धत पुढे शंभर वर्षे टिकली. पण तिची किंमतही नोंदलेली आहे. 9 डिसेंबर 1886 च्या रात्री लँकेशरच्या किनाऱ्यावर ‘मेक्सिको’ या जहाजाच्या मदतीला तीन वल्ह्यांच्या लाइफबोटी गेल्या. लिदमच्या बोटीने जहाजावरची बाराही माणसे आणली. साउथपोर्टची बोट उलटून तिच्यातले चौदा जण गेले आणि सेंट ॲन्सच्या बोटीतले तर तेराही. एका रात्रीत सत्तावीस लाइफबोटवाले बुडाले. तेव्हा लहान हलक्या बोटींचा काळच बरा होता, असा उसासा टाकण्यात अर्थ नाही. मोठे होणे, इंजिन लावणे, उलटले तर आपोआप सरळ होणे, हे सगळे माणसांच्या जिवावर शिकलेले धडे होते.

आणि तरीही प्रत्येक धड्यामागे काहीतरी सुटत गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मोटर लाइफबोटी आठेक नॉटच्या, जड, धिम्या. त्यांचे पंखे तळातल्या खोबणीत लपवलेले असत, म्हणजे वाळूला टेकले तरी तुटू नयेत. वेग कमी होता, पण किनाऱ्याशी सलगी होती. 1964 मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाची चव्वेचाळीस फुटी वेगवान बोट ब्रिटनमध्ये चाचणीसाठी आली आणि तिच्यावरून ‘वेव्हनी’ वर्ग तयार झाला. 1971 मध्ये बावन्न फुटी ‘अरुण’ आली, सुमारे अठरा नॉटची. (हे नाव वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सूर्य उगवेल, तिथे ती ससेक्समधली एक नदी आहे.) पुढे ‘सेव्हर्न’: सतरा मीटर लांब, चाळीस टनांहून जड, पंचवीस नॉट वेगाची, अडीचशे सागरी मैल पल्ल्याची आणि पाण्यात पावणेदोन मीटर बसणारी. तिचे पंखे वाचवण्याची तजवीज रचनेतच केलेली आहे, पण चाळीस टनांचे धूड फेसाळत्या खडकांत घालणे हे पंख्यांच्या पलीकडचे संकट. ज्या बोटीला शंभर मैलांवरून माणूस आणता येतो, तिला पन्नास हातांवरचा माणूस आणता येईना. याला प्रगतीतला दोष म्हणणार नाही, तो प्रगतीचा हिशेब आहे. पण हिशेबाची ती बाजू जाहिरातींत नसते.

आता एक आक्षेप इथेच येतो, आणि तो बिनतोड वाटतो. हवेने फुगणारी बोट हे तंत्रज्ञान उशिरा आले, म्हणून ती लाइफबोटीवरही उशिरा आली; त्यात एवढे विशेष काय? पण कालक्रम तसे सांगत नाही. 1840 च्या दशकात पीटर हॅल्केट या आरमारी लेफ्टनंटने रबर लावलेल्या कापडाची फुगवता येणारी बोट तयार केली होती. तिचा एक प्रकार अंगरख्यासारखा पांघरता येई. आर्क्टिकच्या मोहिमांत ती उपयोगी पडली, जॉन रे याने ती वापरली, फ्रँकलिनच्या दुर्दैवी मोहिमेतही एक होती. ब्रिटिश नौदल मुख्यालयाने 1845 मध्ये हॅल्केटला कळवले की कल्पना फार हुशारीची आहे, शोधमोहिमांना आणि सर्वेक्षणाला उपयोगी पडेल, पण आरमाराच्या सर्वसाधारण कामाला ती लावता येईल असे वाटत नाही. सरकारी कागदातली ही भाषा आपल्याला ओळखीची आहे: कौतुक करायचे आणि फाइल बंद करायची. हॅल्केटची एक बोट आज ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस गावच्या संग्रहालयात आहे. त्याच गावाच्या धक्क्याला सेव्हर्न वर्गाची लाइफबोट 1998 मध्ये आली, अंगावर रबरी बोट घेऊन. मध्ये दीडशे वर्षे गेली.

त्या दीडशे वर्षांचा सगळा दोष मी खलाशांच्या हट्टाला देत नाही. हॅल्केटच्या काळचे रबर थंडीत कडक आणि उन्हात चिकट होई, आणि बोटीच्या मागे टांगण्याजोगे इंजिन विसाव्या शतकापूर्वी नव्हतेच. पण 1910 च्या आसपास अशी इंजिने बाजारात विकली जात होती. फ्रान्समध्ये हवाई जहाजे बनवणाऱ्या झोडियाक कंपनीत पिएर द्ब्रुतेल यांनी 1930 च्या दशकात फुगवत्या बोटी बनवल्या आणि फ्रेंच नौदलाने त्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या वैमानिकांचे जीव रबरी होडग्यांवर वाचले. 1952 मध्ये आलॅं बोंबार हा फ्रेंच डॉक्टर अशाच बोटीतून कॅनरी बेटांवरून निघून पासष्ट दिवसांनी बार्बेडोसला पोचला. म्हणजे 1950 च्या दशकात रबर होते, इंजिन होते, पुरावाही होता. लाइफबोटीच्या जगात फक्त विश्वास नव्हता. ओक आणि सागाच्या बोटींवर पिढ्या घालवलेल्या माणसाला, जिच्या कडेत हाताचे बोट रुतते अशी वस्तू वादळात नेण्याची कल्पना पोरकट वाटली तर नवल नाही. जीव वाचवणाऱ्या वस्तूने टणक असावे, ही समजूत समुद्राइतकीच जुनी.

ती समजूत वादळाने मोडली नाही, उन्हाळ्याने मोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पगारी रजा वाढल्या, मोटारी वाढल्या, आणि समुद्रकिनारे सुट्टी घालवणाऱ्यांनी भरून गेले. बुडणारा माणूस बदलला. पूर्वी तो जहाजावरचा खलाशी असे, मैलोगणती दूर. आता तो गादीवर तरंगत वाहून गेलेला मुलगा, भरतीच्या पाण्याने कड्याखाली कोंडलेले जोडपे, उलटलेल्या लहान शिडाच्या होडीतला हौशी माणूस होता. त्याच्याकडे पोचायला जड लाइफबोट घसरणीवरून सोडेपर्यंत वेळ निघून जाई. 1962 मध्ये संस्थेने फ्रेंचांच्या फुगवत्या बोटींची पाहणी केली आणि 1963 च्या उन्हाळ्यात अशा बोटी काही केंद्रांवर ठेवल्या. पुढे ‘डी वर्ग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या बोटींत दोन-तीन माणसे मावत आणि त्या काही मिनिटांत पाण्यात जात. याच सुमारास वेल्समधल्या सेंट डोनॅट्स किल्ल्यात नुकत्याच सुरू झालेल्या अटलांटिक कॉलेजात रिअर ॲडमिरल डेस्मंड होर हे प्राचार्य विद्यार्थ्यांना घेऊन दुसऱ्याच अडचणीशी झटत होते. तिथल्या किनाऱ्यावरचे गोटे बोटीचा कापडी तळ फाडत. त्यांनी तळाला प्लायवुड लावून पाहिले, मग त्याला आकार दिला, आणि प्रयोगामागून प्रयोग करत कठीण तळाची, फुगवत्या कडांची बोट तयार झाली. ‘अटलांटिक 21’ या नावाने ती 1972 मध्ये लाइफबोट सेवेत आली. होर यांनी त्या रचनेचे हक्क संस्थेला एका पौंडात दिले, आणि तो धनादेश त्यांनी वटवलाच नाही असे सांगतात. हे कॉलेज युनायटेड वर्ल्ड कॉलेज परिवारातले पहिले; 1997 मध्ये पुण्याजवळ मुळशी भागात उघडलेले महिंद्रा कॉलेज त्याच परिवारातले. आपल्या पुराच्या बातम्यांत जवान ज्या जेमिनी बोटी घेऊन उतरतात, त्या मात्र सपाट, घडी होणाऱ्या, म्हणजे होर यांच्यापेक्षा फ्रेंचांच्या वाटेने आलेल्या.

किनाऱ्यावरचा प्रश्न असा सुटला. पण मोठी नौका आणि छोटी बोट यांची सांगड घालण्याचा विचार ब्रिटनच्या आधी जर्मनांनी केला होता, आणि त्याची सगळ्यात कठोर परीक्षाही त्यांच्याच वाट्याला आली. जर्मनीच्या उत्तर समुद्राचा किनारा वाळूच्या दांड्यांनी भरलेला. मोठ्या नौकेला खोल पाणी हवे आणि माणसे अडकतात ती दांड्यावर. 1957 मध्ये सेवेत आलेल्या ‘थिओडोर हॉइस’ या बचावनौकेच्या पिछाडीला उतार कापून त्यात एक लहान कन्याबोट बसवली होती. तेव्हाच्या जर्मन राष्ट्राध्यक्षांचे नाव आईला, तर लेकीला त्याच नावाचे लाडके रूप, ‘टेड्ये’. ही कन्याबोट रबराची नव्हती, धातूची होती. आई खोल पाण्यात थांबे, लेक दांड्यावर जाई, आणि परतून उतारावरून आईच्या पाठीवर चढे. कल्पना इतकी चोख होती की जर्मन संस्थेच्या मोठ्या नौकांची ती ओळखच बनली.

23 फेब्रुवारी 1967 रोजी उत्तर समुद्रावर भयंकर वादळ झाले. हेल्गोलांड बेटावरची ‘आडोल्फ बेर्मपोल’ ही नौका, दोनच वर्षांपूर्वी सेवेत आलेली, एका डच मासेमारी नौकेच्या मदतीला निघाली. आडोल्फ बेर्मपोल हे जर्मन बचावसेवेच्या उभारणीसाठी 1860 मध्ये हाक देणाऱ्यांपैकी एक, फेगेझाक गावचे नौकानयन शिक्षक. म्हणून कन्याबोटीचे नाव ‘फेगेझाक’. तीन डच मच्छीमारांना वाचवल्याचे नौकेने रेडिओवरून कळवले. त्यानंतर ती बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी ‘आडोल्फ बेर्मपोल’ समुद्रावर एकटीच भरकटताना सापडली, इंजिन चालू, माणूस एकही नाही. कन्याबोट उलटलेली मिळाली. चारही जर्मन बचावकर्मी आणि वाचवलेले तिघे, सातही जण गेले. जे जुळवता आले ते असे, की एवढ्या समुद्रात लेकीला उतारावर परत घेणे शक्य नव्हते, माणसे तिच्यातून मोठ्या नौकेवर घेत असतानाच कधीतरी एका प्रचंड लाटेने दोघींनाही गाठले. नौका मात्र दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागली.

माझ्या युक्तिवादाला सगळ्यात जड जाणारा पुरावा हाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. छोटी बोट शेवटचे पन्नास हात जोडते म्हणावे, तर ‘फेगेझाक’ने नवेच पन्नास हात निर्माण केले: आई आणि लेक यांच्यामधले. वाचवलेला माणूस पूर्वी एकदा बोटीत चढत असे. आता त्याला दोनदा चढावे लागते आणि दुसरी चढाई पहिलीइतकीच जीवघेणी. हे मान्य केलेच पाहिजे. पण या अपघाताने कल्पना खोटी ठरली नाही, तिची मर्यादा कळली. तिघे मच्छीमार त्यांच्या नौकेवरून निघाले होते. घात परतीच्या बदलात झाला. ज्या समुद्रात कन्याबोट परत घेता येत नाही, त्या समुद्रात ती सोडावी की नाही, हा प्रश्न नौकाप्रमुखाच्या रोजच्या निर्णयाचा भाग बनला. जर्मनांनी कन्याबोट सोडून दिली नाही. आणि ब्रिटिशांनी नंतर तोच विचार रबरात उतरवला, त्यामागे मला एक सुज्ञ नम्रता दिसते. धातूच्या बोटीकडून तुम्ही लढाईची अपेक्षा करता. तीन मीटरच्या रबरी बोटीकडून कोणी ती करत नाही. ती मोठ्या नौकेच्या अंगावर आपटली तरी कोणाचे काही मोडत नाही. बिघडली, वाहून गेली, तर सोडून देता येते. वादळाच्या टोकाला ती नकोच, हे तिच्या अंगावरच लिहिलेले आहे.

म्हणून तिचे काम पाहिले तर ते भव्य नाही. ब्रिटनमध्ये तिला ‘वाय बोट’ म्हणतात. सेव्हर्नवर ती क्रेनने उचलून पाण्यात ठेवतात. 2006 पासून आलेल्या ‘टामार’ वर्गाच्या नौकेत तिच्यासाठी पिछाडीला दार असलेली कोठडीच केली आहे. दोघे जण तिच्यात बसतात. कड्याखाली भरतीने कोंडलेला माणूस उचलायचा, गुहेच्या तोंडाशी जायचे, रुतलेल्या शिडाच्या नौकेपर्यंत ओढायचा दोर पोचवायचा, जखमीजवळ प्रथमोपचार जाणणारा एक गडी उतरवायचा, कधी कड्यावरून पडलेला कुत्राही आणायचा. चाळीस टनांची नौका बाहेर थांबून आडोसा आणि उजेड देते, आणि सव्वाशे हातांचे ते अंतर, जे मॅनबीला तोफेने ओलांडावे लागले, ते दोन माणसे काही मिनिटांत ओलांडतात.

यावर नेहमी निघणारा प्रश्न हेलिकॉप्टरचा. 1950 च्या दशकापासून ब्रिटनच्या किनाऱ्यावर हेलिकॉप्टरने माणसे उचलली जाऊ लागली. मग बोटीवर बोट कशाला? भर समुद्रातल्या कामात हेलिकॉप्टरने खरोखर चित्र पालटले. पण पुढे झुकलेल्या कड्याच्या पोटात, गुहेत, दाट धुक्यात पंख्यांचे यंत्र सहज जात नाही, आणि पंख्यांचा झोत अरुंद कपारीतल्या माणसाला स्थिर राहू देत नाही. शिवाय हेलिकॉप्टरचे तळ मोजके आहेत. दुसरा प्रश्न अधिक नेमका आहे: डी वर्गाच्या बोटी किनारोकिनारी ठेवल्याच आहेत, तर तशीच बोट मोठ्या नौकेवर नेण्याची गरज काय? ब्लॅकपूलसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यावर फारशी नाही. पण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडे ‘बारा’ नावाच्या बेटावर किंवा शेटलंडच्या एथ गावात एकाच मोठ्या नौकेच्या वाट्याला ओसाड, खडकाळ किनाऱ्याचा भलामोठा पट्टा येतो. तिथे किनारोकिनारी केंद्र काढायला माणसेच नाहीत. अशा जागी छोटी बोट मोठीच्या पाठीवरूनच येऊ शकते.

2014 मध्ये डंजनेसला पहिली ‘शॅनन’ आली आणि हिशेब पुन्हा उघडला गेला. तेरा मीटरच्या पुढे थोडी, अठरा टनांची, सुमारे मीटरभर पाण्यात बसणारी. तिला पंखेच नाहीत; पाण्याच्या झोताने ती पुढे जाते, चिंचोळ्या जागेत वळते, आणि मुद्दाम वाळूवर चढवता येते. पिछाडीला ती यंत्रे असल्याने टामारसारख्या कोठडीला तिच्यात जागा नाही. आधी वेगासाठी जे टाकले ते रबराच्या रूपाने परत घेतले. आता तेच नौकेच्या तळात परत आणण्याचा प्रयत्न आहे. माझ्या मते तो अर्धा यशस्वी होईल. उघड्या वाळूच्या किनाऱ्यांवर, जिथे नौका सरळ वर चढू शकते, तिथे शॅननला लेकीची गरज पडणार नाही. खडकाळ किनारा मात्र वाळूचे नियम पाळत नाही. दोन खडकांमधली फट जर दोन मीटरची असेल, तर नौका मीटरभर पाण्यात बसते की पावणेदोन मीटर, याने फरक पडत नाही; तिच्या रुंदीनेच निकाल लागतो. ऑर्कनी, शेटलंड आणि हेब्रिडीजच्या बंदरांत लांब पल्ल्याच्या सेव्हर्न उभ्या आहेत, क्रेनसकट.